पगारवाल्याच्या घरातलं मत

बाबा,

नेरच्या रस्त्यावर कापसाच्या भावासाठी चक्का जाम झाला होता, तो दिवस आज सकाळपासून आठवतोय. मी दहावीत होते. शाळा सुटली की तुमच्याच गाडीनं घरी यायचे. तुम्ही एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर, त्यामुळे तुमच्या पाठीमागची सीट मला माझीच वाटायची. समोर बैलबंड्या आडव्या लावलेल्या, माणसं डांबरावर बसलेली. तुम्ही गाडी बंद करता, खिडकीतून कुणाला तरी तंबाखू देता. कुणालाच घाई दिसत नाही. मग एकदम काच फुटते आणि तुमच्या कपाळातून रक्त वाहू लागतं. दगड कुणी मारला ते मी पाहिलं होतं. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचा मोठा भाऊ होता तो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांसमोर म्हणाले, की आंदोलन करणारे गुंडच असतात. मैत्रीण उभी राहिली. "गाडी सरकारची होती. सरकार आमचा कापूस मातीच्या भावानं घेते, त्याचं काय?" ती तिच्या वडिलांसारखी बोलत होती, हे मला लगेच कळलं. मी कुणासारखी बोलत होते, ते कळलं नाही. तिनं दप्तर उचललं आणि बाक बदलला.

संध्याकाळी पोलीस जमादार घरी आले. तुम्ही डोक्याला पट्टी बांधून स्वयंपाकघराच्या दाराशी बसला होता, आई चहा टाकत होती.

"मारणारा ओळखला असन तुम्ही," जमादार म्हणाले.

"नाई साहेब. काचेवर ऊन होतं."

बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चहाचा कप जमादारांपुढे ठेवला. जमादारांची गाडी गेल्यावर मात्र मला रडू आवरेना. "खोटं काहून बोलले तुम्ही?"

"केस झाली तं त्या पोराची जिंदगी जाईन. माही जखम भरून येईन." मग म्हणालात, "तू शाळेत साऱ्याइले गुंड म्हणाली, आईनं सांगतलं मले. तू त्याइच्या घरी जन्मली असती तं काय म्हटलं असतं?"

"दगड तरी नसता मारला."

कपाळावरची पट्टी नीट करत तुम्ही म्हणालात, "मंग तेवढं तुह्यं. बाकीचं माह्या पगारातून आलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी जाऊन त्या मुलाशी काय बोललात, ते मला कधीच कळलं नाही. पुढे तो तुमच्या गाडीत चढला, की जागा असूनही मागे उभाच राहायचा. मैत्रीण दिवाळीनंतर बाकावर परत आली. आम्ही सगळं बोलायचो, कापसाचा भाव आणि निवडणूक सोडून. आता ती कळंबला असते. लग्नकार्यात भेटतो, तेव्हाही ते दोन विषय आम्ही काढत नाही.

तुमच्या त्या बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता. आपलं मत बापाच्या पगारातून आलंय, हे कोणत्या पोरीला आवडेल? पण त्यानंतर कुठलंही मत ठासून मांडताना माझी जीभ जराशी अडखळते, ती अजूनही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा सांगून टाकते. ज्या चिन्हाला तुम्ही आयुष्यभर नावं ठेवली, त्यावर मी या वेळी बटण दाबलं. विचार करून दाबलं. तरी घरी आल्यावर दोन दिवस तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही.