वेग मी वाढवला होता

शनिवार, २५ एप्रिल. संध्याकाळ.

स्वतःची किळस येते आहे. मंजिरीने मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली आहे, 'एका वेळी एकच फाइल.' ती माझ्यामुळे.

आठवड्यात चार वेळा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला, तिची ऑफिसची ड्रॉइंग गेली. दर वेळी मी तिलाच म्हणालो, "किती फाइली उघडतेस!" आज सकाळी तिच्या साहेबांनी फोनवर तिला दहा मिनिटं झापलं. "माझाच हलगर्जीपणा सर," म्हणाली. तेव्हा कुठे मी तपासायला बसलो.

प्रोसेसरचा वेग मीच वाढवला होता. जानेवारीतल्या एका पहाटे, नाशिकच्या त्या थंडीत, कॅबिनेटचं झाकण काढून तासभर चाचणी घेतली आणि मोकळा झालो. आता दुपारी खोलीची भट्टी होते, प्रोसेसर तापतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. हे मला सुचलं नव्हतं? की ती चिठ्ठी सोयीची वाटली?

वेग मूळ आकड्यावर आणला. तिच्या दहा फाइली उघडून भर दुपारी तीन तास कॉम्प्युटर चालवला. एकदाही बंद पडला नाही.

ती चहा घेऊन आली. "काय होतं रे?"

"काही नाही, धूळ." किती सहज बोलून गेलो!

"मीच रोज पुसायला हवं होतं."

मग राहवलं नाही, सगळं सांगितलं. तिने साहेबांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

माझी कबुली ऐकून साहेब मोठ्याने हसले. "अहो, चालायचंच! आम्हीही करतो असले उद्योग."

फोन स्पीकरवर होता; मंजिरी शेजारीच उभी होती.