रिकाम्या मशीनची पावलं

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर बोलले असते तर संध्याकाळच्या आत तुझ्या बापाला कळलं असतं, आणि त्या घरच्या ग्रुपवर तर मी शिंकले तरी सतरा जण अंगठे दाखवतात. त्यापेक्षा कागद बरा. त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो चुगल्या करत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. टीप वाकडी गेली असेल तर बोल लाव, अक्षराला नको.

तुझ्या बापाला माझी आठवण आली की दारात खोकं येतं. पूर्वी तो स्वतः यायचा, मग फोन यायचा, आता खोकं. पहिल्यांदा तो बोलणारा डबा आला. त्याला म्हटलं, रेडिओ लाव. तो म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. अगं, तुझ्या आजोबांनाही पन्नास वर्षांत मी बोललेलं समजलं नाही, पण त्यांनी कधी माफी मागितली नाही, तेवढा एक गुण डब्यात जास्त. टीव्हीवरच्या बाईने काही विचारलं की हा मधेच उत्तर द्यायचा. घरात नको तिथे तोंड घालायला मी एकटी पुरेशी आहे. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलाय. मग गोळ्यांची डबी आली, ती वेळ झाली की ओरडते. गोळी घेऊन झाली असली तरी ओरडते, कारण गोळी तिच्यातून उचलली तरच ती खरी! मग कपडे धुवायचं नवं यंत्र, ते धुणं झालं की गाणं म्हणतं. मी तीन पोरांचे लंगोट धुतले, सासूची लुगडी धुतली, एकदा तरी गायले का? आणि दाराचं कुलूप. चांगली पितळी चावी होती, कमरेला लावलेली. ती काढून आकडे दाबायचं कुलूप बसवलं. म्हणे आई, चावी हरवते. चाळीस वर्षांत हरवली नव्हती. आकडा कुठला ठेवू म्हणून त्याने विचारलं, मी तुझी जन्मतारीख सांगितली. तेवढीच एक तारीख मला झोपेतही येते.

या सगळ्यांना रोज खायला लागतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आता डबे कमी आणि वायरी जास्त. एकीचं तोंड दुसरीला बसत नाही. मिक्सर लावायचा तर कुणाला तरी उपाशी ठेवावं लागतं. माझं शिलाई मशीन बघ. सत्तेचाळीस वर्षं झाली. आठवड्याला चार थेंब तेल, तीनदा पट्टा बदलला, बाकी तक्रार नाही. त्याने मला कधी विचारलं नाही की मी अजून तीच बाई आहे का, अंगठा दाखवा. त्यावर तुझ्या बापाची शाळा झाली, कॉलेज झालं, तुझ्या आत्यांची लग्नं झाली. पण तो आला की त्यावरच ओली पिशवी ठेवतो आणि म्हणतो, हे भंगार कधी काढायचं.

आता घड्याळाचं सांगते, कारण त्यातली अर्धी गोष्ट तुझी आहे. आजोबा गेल्यावर इथे याच खोलीत केवढं भांडण झालं, तू होतीस. तुझा बाप म्हणत होता, आई एकटी राहणार नाही, घर भाड्याने देऊ आणि तिला आमच्याकडे नेऊ. मी म्हणत होते, माझं प्रेत नेशील. तुझी आई दोघांच्या मधे चहा ओतत होती. मग तूच तोड काढलीस. आजीच्या हाताला पावलं मोजणारं घड्याळ बांधा, आकडा बाबांच्या फोनवर दिसेल. रोज चार हजार झाली तर आजी धडधाकट आहे, तिला तिच्या घरात राहू द्या. पंधरा दिवस कमी पडली तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन, माझा शब्द. तुझा बाप कुणाचं ऐकत नाही, पण तुझ्या शब्दावर गप्प बसला. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, आणि घड्याळाचा रागही आला होता. कोंबडीच्या पायाला चिंधी बांधतात तसं मला मनगटाला बांधलं होतं.

सुरुवातीला मी चालले, खोटं नाही बोलत. जिना उतरायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, दोरे-बटणं घ्यायचे, परत यायचे. तरी तीन हजारांच्या वर जाईना. आणि दिवसभर मशीनवर बसलं की ते मेलं मनगटावर थरथरायचं. बराच वेळ बसलात, उठा, हालचाल करा! अगं, मी बसले होते का? शाळेचे साठ झगे शिवत होते. पाय सकाळपासून पायडलवर. पण त्याच्या लेखी हात हलला तरच माणूस हलला. ज्याने हे बनवलं त्याने बाईला काम करताना कधी बघितलेलंच नसणार. मग मी म्हटलं, तुला पाय पाहिजेत ना, घे पाय. पट्ट्याला चार बोटं इलॅस्टिक जोडलं, बारीक टीप मारली आणि घड्याळ घोट्याला बांधलं. त्या दिवशी अकरा हजार! त्यातून फटाके उडाले, काचेत. तुझ्या बापाने ग्रुपवर टाकलं की आमची आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अकरा हजार पावलं चालते, तरुणांनो शरम करा. तुझ्या मोठ्या आत्याने तर नवऱ्याला त्यावरून बोलणी ऐकवली. मी पोटभर हसले. तोपर्यंत मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काम माझं, पाय माझे.

मग थंडीत उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे नुसता दुखत नव्हता, पायडल दाबलं की आत कुणीतरी कात्री चालवावी तसं व्हायचं. झगे परत केले. म्हटलं, डोळे चालत नाहीत. जिना उतरणं बंद केलं. सामान वर मागवायला लागले. आणि आकडा पडायला लागला, दोन हजार, बाराशे, नऊशे. तुझ्या बापाचा मेसेज आला, आई सगळं ठीक ना, पावलं कमी दिसतात. तुझा शब्द डोळ्यांपुढे आला. पंधरा दिवस. मग मी काय केलं ते आता ऐक, आणि मनात काय शिव्या घालायच्या त्या घाल. घड्याळ घोट्यावरून काढून पायडललाच बांधलं. स्टूल बाजूला ओढलं, आणि हाताने चाक फिरवलं. चाक फिरलं की पायडल हलतं, पायडल हललं की पाऊल पडतं. रोज सकाळी साडेआठला बसायचे, रेडिओ लावायचे आणि दीड तास चाक फिरवायचे. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. माझ्या मशीनची सुई सत्तेचाळीस वर्षांत कधी रिकामी खालीवर झाली नव्हती. शिकायला येणाऱ्या पोरींना मी त्यावरून पट्टीने मारलंय. दोन महिने मी ते केलं. पाच हजारांच्या खाली एक दिवस जाऊ दिला नाही. तुझ्या बापाचे फोन आधी आठवड्याला दोन होते, ते महिन्याला दोन झाले. आकडा चांगला दिसत होता ना. आता मला सांग, फोन कशाला करायचा?

खालच्या मजल्यावरचा मास्तर तुला आठवत असेल. तोच, लहानपणी तू उड्या मारलीस की काठीने छत ठोकायचा. वीस वर्षं त्याचं आणि माझं या मशीनच्या आवाजावरून वैर. सोसायटीकडे तीन अर्ज केलेत त्याने. मीही सोडलं नाही, त्याची दुपारची झोप बघून मुद्दाम जाड कापड घ्यायचे. गेल्या मंगळवारी सकाळी आठला मी स्वयंपाकघरात वरचा डबा काढायला गेले, गुडघ्याने दगा दिला आणि खाली बसले ती बसलेच. डावा हात अंगाखाली. घड्याळ बाहेरच्या खोलीत पायडलला. फोन त्याच्याशेजारी. बोलणारा डबा ट्रंकेत, अभ्र्यात. त्याला दोन-तीन हाका मारल्या, सांगायला लाज वाटते. पण वायर काढलेली. आणि असता जागा तरी म्हणाला असता, मला समजलं नाही. गोळ्यांची डबी मात्र नऊला ओरडली, सव्वानऊला ओरडली, साडेनऊला ओरडली. मी फरशीवरून तिला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाराच्या सुमारास दार वाजलं. मास्तर. बाहेरून म्हणतो कसा, काय हो, आज खडखड नाही, मशीन मोडलं का? आनंदाने विचारत होता मेला. मी आतून ओरडले की मी मोडलेय. मग त्याचा आवाज बदलला. कुलपाचा आकडा ओरडून सांगावा लागला, तेव्हा आता अख्ख्या जिन्याला तुझं वय ठाऊक झालंय, राग मानू नकोस. त्याने मला उचललं नाही, स्वतःच बहात्तरचा आहे. पण पाणी दिलं, उशी दिली, गाडी बोलावली, दवाखान्यात तीन तास बाकावर बसला. मनगटाला प्लॅस्टर आहे, डावं, म्हणून लिहिता येतंय. गुडघ्याचं डॉक्टर म्हणाला, जिना आता विसरा. येताना मास्तर म्हणाला, दोन महिने तुमच्या मशीनचा आवाज वेगळा येत होता, रिकामा. मला वाटलं, तुम्ही मला छळायला नुसतंच फिरवताय. त्याच्या कानाला कळलं होतं, भिंगरी. काठी ठोकणाऱ्याच्या.

आणि त्याच संध्याकाळी तुझ्या बापाचा मेसेज आला, तोही तुला सांगून टाकते. आई, आज शून्य दाखवतंय, घड्याळाची बॅटरी संपली का? चार्जिंगला लाव. मी लिहिलं, हो, लावते. त्याचा अंगठा आला. त्याला मी दोष देत नाही. चुकीचा आकडा खरा मानायची सवय मीच त्याला लावली, दोन महिने, रोज सकाळी दीड तास. आईला काही झालं असेल असं त्याच्या मनात यायला मी जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या रविवारी तो येतोय, प्लॅस्टर बघेल, मग सगळंच उसवेल. तो तुला म्हणेल, बघ तुझा शब्द. म्हणून त्याच्याआधी तुला लिहिलं. शब्द तू दिला होतास आणि खाल्ला मी. त्याला मीच सांगेन, तू मधे पडू नकोस. पण रविवारी तू त्याच्याबरोबर ये, कारण तू म्हणाली होतीस की मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि पंधरा दिवस कधीच होऊन गेलेत. मी येते. प्रेत नाही, मीच येते, एका पिशवीनिशी. घड्याळ, डबा, डबी, सगळी पोरं इथेच ठेवणार, ज्याला हवी त्याने पाळावीत. मशीन मात्र माझ्याबरोबर येईल, आणि तुझा बाप त्यावर ओली पिशवी ठेवणार नाही. गुडघा चालत नसला तरी हाताने चाक फिरवून टिपा मारता येतात, सुईत दोरा तू ओवून द्यायचास. एवढं एकच आधी बघून ठेव, तुमच्या खालच्या घरात कोण राहतं. जरा भांडखोर असेल तर बरं होईल.

तुझीच,
लबाड आजी

पत्र मास्तर पेटीत टाकणार आहे. पाकीट उघडलेलं वाटलं तर तसं कळव.