ताटावर आडवा हात

अल्फारेटा, जॉर्जिया
१७ मार्च २०२४

ती. अहिल्याआत्यास,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या लेकाने, यतीनने आणलेलं यंत्र तू कानात घालत नाहीस, तेव्हा भाचीने पत्र लिहावं हा तुझा हुकूम. लिहितेय. ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालंय, तेवढं सांभाळून घे.

बातमी अशी, की आमच्या घरी पाहुणा आलाय आणि तो ऑक्टोबरपर्यंत राहणार आहे. इथल्या छोट्या फुटबॉल क्लबांना सगळ्या पोरांच्या राहण्याची सोय करणं जमत नाही. ते गावातल्या घरांना विचारतात, सीझनभर एक खेळाडू ठेवून घ्याल का म्हणून. आमची रुही त्या क्लबाच्या मुलींच्या टीममध्ये खेळते. तिने आम्हाला न विचारता आमचं नाव देऊन टाकलं. अकरा वर्षांची आहे, पण कारभार तुझ्यासारखा.

तर हा फर्गस. वय एकोणीस, केस तांबूस, स्कॉटलंडमधल्या फ्रेझरबर्ग नावाच्या मासेमारीच्या बंदरातला. आईबाप लहानपणीच वेगळे झाले, आजीने वाढवला. सोळाव्या वर्षी तिथल्या एका मोठ्या क्लबाने अंगाने बारीक म्हणून काढून टाकला. मग मासळीच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी गावच्या टीममध्ये खेळ. तिथून इथल्या नॉर्थ जॉर्जिया रोव्हर्सच्या कोचने उचलून आणलाय. डाव्या बाजूने पळतो आणि पळणं हेच त्याचं भांडवल. करार एका सीझनचा. खेळ पटला तर पुढे, नाहीतर परत जाऊन मासळी. क्लब सुटला की व्हिसाही सुटला, हे स्वतः नोकरीच्या व्हिसावर इथे आलेल्या प्रसन्नला कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आणि आत्या, जेवतो काय! रुही दोन घासांत उठते, प्रसन्नचं सतत कसलं तरी डाएट. या पोराने मासळीचं नावही काढलं नाही. भरली वांगी, पोळ्या, वरणभात, सगळं पुसून स्वच्छ. ताट रिकामं दिसलं की मी वाढते, तो खातो. परत रिकामं, परत वाढते. एकदाही नको म्हणाला नाही. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाचं असं चीज कुणी केलं नव्हतं.

तुझ्या मायेची पाखर आहेच, ती या नव्या पोरावरही असू दे.

तुझी,
दीपा

*

एडिसन, न्यू जर्सी
२ एप्रिल २०२४

चि. सौ. दीपास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीचं नाही, भेदरलेल्या कोंबडीचं आहे. पण लिहिलंस, जीव सुखावला. माझी इथली दिनचर्या म्हणजे खिडकी, सून रेणूने चढवलेला कुकर आणि तिच्या मोबाइलवरच्या मालिकांतल्या हलणाऱ्या तोंडाच्या बायका. बाहेर मी जात नाही. चारचौघांत बसून प्रत्येकाला काय म्हणालात विचारायचं, त्यापेक्षा घर बरं.

पोराला नीट सांभाळ. आजीने वाढवलेली पोरं मनातलं बोलत नाहीत, हे लक्षात ठेव. तो रोज एवढं जेवतो म्हणतेस, तर माणूस आहे की घरघंटी? पण धावणाऱ्याला लागतंच म्हणा. रेणूला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात पाठवून चांगलं जाडं बेसन आणवलं. लाडू करून पाठवलेत. प्रसन्नला दाखवू नकोस, सगळे फर्गसला दे. कुणाकडे जाऊन उपाशी राहिला असं त्याच्या आजीच्या कानावर जाता कामा नये.

रुहीला गोड पापा. तुम्हा सगळ्यांवर माझा जीव आहे, हे काय लिहायला हवं?

तुझी,
अहिल्याआत्या

*

अल्फारेटा
२६ मे २०२४

ती. आत्यास,
दीपाचा सा. न.

लाडू संपले. डबा फर्गसने स्वतः धुऊन ठेवला. पण आज मी चिडलेली आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

पहिल्याच मॅचला त्याने असा गोल मारला होता की रुही खुर्चीवर चढून नाचली. एप्रिलमध्ये दर शनिवारी टीममध्ये होता. मग क्लबात पळण्याची चाचणी झाली आणि आमचा फर्गस सगळ्यांच्या मागे. कोच म्हणाला, पाय जड झालेत, आला तेव्हाचा पोरगा हा नव्हे. तेव्हापासून तो बसूनच आहे. प्रसन्नने त्याला धीर दिला, की आयटीमध्ये दोन प्रोजेक्टच्या मध्ये मीही महिनोन्महिने बेंचवर बसलोय, त्यातून माणूस उठतो. फर्गस हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

पोरगा आळशी असता तर मी कोचचं ऐकलं असतं. तो पहाटे उठून आमच्या सबडिव्हिजनला, म्हणजे कॉलनीला, फेऱ्या मारतो. आल्या आल्या मी तूप सोडून शिरा देते, कारण चेहरा इतका ओढलेला असतो. मग दिवसभर सराव. आणखी किती मेहनत करायची त्याने? कोच आता म्हणतो, जुलैअखेर सुधारला नाही तर दुसरा कुणीतरी आणू. आजीला तो फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकते.

मला वाटतं कोचचा त्याच्यावर डूख आहे. तू काय म्हणतेस? काही सुचलं तर लगेच लिही.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
दीपा

*

एडिसन
३ जून २०२४

चि. सौ. दीपास,
आशीर्वाद आहेतच, पण आधी कान धरते.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. अगं वेडे, कोचने काहीही केलेलं नाही. तू केलंयस! आणि माझे लाडू तुझ्या मदतीला होते, त्यामुळे तुझ्याबरोबर मीही गुन्हेगार.

ताट रिकामं दिसलं की तू वाढतेस, तो खातो. त्याला भूक आहे का, हे तू कधी विचारलंस? आजीच्या हाताखाली वाढलेला पोरगा दुसऱ्याच्या घरी पानात टाकणार आहे का? आणि तो पहाटे पळतो तो हौसेने नव्हे. आदल्या रात्रीच्या पोळ्या जिरवायला पळतो. मग सरावाला त्याच्या पायांत काय उरणार? आणि तो थकून आला की पुन्हा तुझा शिरा! आपल्याकडचा आग्रह आपल्याकडच्या माणसांसाठी आहे. आपल्याला लहानपणापासून नको म्हणायची सवय असते. त्या बिचाऱ्याला ते कुणी शिकवलंय?

तेव्हा शिकव. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, पंजे पालथे, आणि थोडं पुढे झुकायचं. तोंडाने पुरे म्हणायचं. बोटं जुळलेली हवीत. तुझे त्र्यंबककाका आमच्या लग्नात पंगतीला बसले तेव्हा आमच्या काकूने त्यांच्या बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडल्या होत्या. तेव्हापासून ते बोटं घट्ट धरायचे.

आधी त्याला नीट विचार. आणि त्याने हात आडवा धरला की तू थांबायचंस. हे त्याच्यापेक्षा तुलाच अवघड जाणार आहे.

रागावले तरी तुझीच,
आत्या

*

अल्फारेटा
२३ जून २०२४

ती. आत्यास,
कान धरून नमस्कार.

विचारलं. आधी कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, की आजीने निघताना बजावलं होतं, दुसऱ्याच्या घरी वाढलेलं सगळं संपवायचं, नाहीतर त्या बाईचा अपमान होतो. त्याला वाटलं, वाढत राहणं ही आमच्या घरची रीत आहे आणि कधीतरी मी आपणहून थांबेन. मला वाटलं, तो कधीतरी नको म्हणेल. ताट रिकामं करणं ही त्याची पुरे म्हणायची पद्धत, आणि मला रिकामं ताट दिसलं की हात आवरत नाही. तीन महिने आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होतो गं! मला हसू आलं, मग रडूच आलं. एका पोराचं पहिलं वर्ष मी तुपात बुडवत होते. तो उलट माझीच समजूत घालत बसला, की काकू, जेवण खरंच छान होतं.

मग रुहीने त्याची शिकवणी घेतली. ती कोच आणि मी वाढपी. पहिल्या दिवशी त्याने हात आडवे धरले आणि माझा हात डाव घेऊन आपोआप पुढे गेला. थोडा भात त्याच्या बोटांवर पडला. रुहीने शिट्टी वाजवून मला पिवळं कार्ड दाखवलं. आता क्लबाने दिलेला जेवणाचा कागद फ्रिजवर आहे आणि मी तो पाळते. पुरणपोळी फक्त मॅच जिंकल्यावर, आणि तीही एक. पहाटेचं पळणं बंद. तो सकाळी चांगला झोपतो आणि घरात मीच वाढायला कुणी नाही म्हणून अस्वस्थ फिरते.

जुलैअखेर फार लांब नाही. देवापुढे दिवा लावताना त्याचं नाव घेत जा.

तुझी शहाणी होऊ पाहणारी भाची,
दीपा

*

अल्फारेटा
१५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

कळवायला उशीर झाला, कारण रोज नवीनच काहीतरी घडतंय! जुलैच्या चाचणीत फर्गस टीममध्ये सगळ्यांच्या पुढे आला. कोचने घड्याळ बिघडलंय समजून त्याला पुन्हा पळवलं. ऑगस्टपासून तो पहिल्या अकरात आहे. काल त्याने एक गोल केला आणि एक करवला, नि आम्ही थेट फायनलला पोचलो. घरी आल्यावर त्याने स्वतःच पोळीच्या डब्याकडे बघितलं. एक दिली. हात आडवा.

करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे क्लब फायनलनंतर सांगणार. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर आलंय. आणि फायनल कुठे आहे माहितीये? तिथल्या रॅरिटन सिटी क्लबाच्या मैदानावर, तुझ्या घरापासून कारने अर्ध्या तासावर. आम्ही सगळे येतोय. तू यायचंसच. ऐकू येत नाही वगैरे कारण चालणार नाही, फुटबॉल बघायचा असतो. जांभळी शाल घालून ये, मी फर्गसला खूण सांगून ठेवलीये.

भेटीची आस लागलेली,
दीपा

*

एडिसन
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. दीपास,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

रुहीला ऐनवेळी ताप आला आणि तुम्ही सगळे अडकलात, त्याची फार हळहळ वाटली. तुमच्या घरचं इंटरनेटही मोक्याच्या वेळी अडकलं, हे यतीनने सांगितलं. तेव्हा काय झालं ते माझ्याकडून वाच. साक्षीदार मी एकटीच आहे, कारण यतीन बघूनही काही समजला नाही.

मी गेले. साडीवर यतीनचा जाड कोट, पायात रेणूचे बूट आणि सगळ्यांवर जांभळी शाल. हजारो माणसं आणि ती म्हणे घसा फोडून ओरडत होती. मला काय त्याचं? उलट तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं, सगळे हातवाऱ्यांनीच बोलत होते. खूप वर्षांनी मी बाहेर चारचौघांसारखी बसले.

बरोबरी चालली होती. संपत आली असताना आपल्या पोराने डाव्या कडेने अशी मुसंडी मारली की त्याला अडवणारा धिप्पाड गडी जागच्या जागी गिरकी घेऊन बसला. आणि गोल! सगळे खेळाडू त्याच्या अंगावर पडायला धावले, पण तो त्यांच्यातून निसटून थेट आमच्या कठड्यापुढे आला. शाल शोधली. आणि दीपे, दोन्ही हात आडवे धरून, पंजे पालथे, किंचित पुढे झुकून उभा राहिला. बोटं घट्ट जुळलेली. शेजारची बाई यतीनला विचारत होती म्हणे, हे काय आहे, आणि यतीनने ठोकून दिलं की स्कॉटलंडची काहीतरी पद्धत असेल.

मला राहवेना. एवढ्या लांबून पाहुणा आला आणि एकावरच उठणार? मी उभी राहिले आणि हातात डाव असल्यासारखा हात फिरवून त्याला खूण केली, की नाही, अजून एक वाढते. तो डोकं मागे टाकून हसला आणि पळाला. शिट्टी वाजायच्या आत त्याने दुसरा गोल केला. तीन विरुद्ध एक! मी कधी नाही ते शिट्टी मारली. ती वाजली की नाही ते मला माहीत नाही, पण यतीनने कानावर हात ठेवले होते.

नंतर फर्गसने कठड्याशी येऊन वाकून नमस्कार केला. तुझ्या लेकीने शिकवलेलं दिसतंय. मी पर्समधून डबी काढली. त्याने एक लाडू घेतला आणि डबीवर हात आडवा धरला. बोटं यावेळी जरा सैल होती. मी फटीतून दुसरा सोडला.

मैदानावरचा माझा पहिलाच दिवस, पण शेवटचा नव्हे.
आनंदाने वेडी झालेली तुझी,
आत्या

ता. क. ते कानातलं यंत्र कपाटातून काढून दे म्हणून यतीनला सांगितलंय. पुढच्या वेळी मला ओरडणं ऐकायचंय.

*

अल्फारेटा
१० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
फर्गस, रुही, प्रसन्न आणि दीपाचे सा. न.

झाला! करार झाला, पुढच्या दोन वर्षांचा. त्याने आजीला फोन लावला आणि नुसता रडत राहिला. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. शेवटी मी फोन घेऊन सांगितलं आणि मग आम्ही दोघी रडलो. तिने मला एकच विचारलं, की पोरगा नीट जेवतो ना. मी म्हटलं, तुम्ही त्याची काळजीच करू नका.

आता खरं सांगायचं तर एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. करार वाढला की क्लब या पोरांना स्वतंत्र फ्लॅट देतो. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. रोज त्याच्या यशासाठी दिवा लावायचा आणि यश आलं की तो जाणार, असा माझा हिशोब चालला होता. काल चाव्या आल्या. मी धीर करून म्हटलं, की एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आपल्या वयाच्या पोरांत राहावं, रविवारी जेवायला येत जा. त्याने मान डोलावली. जेवायला बसलो. जिंकल्याची पुरणपोळी होती, ठरल्याप्रमाणे प्रत्येकी एक.

त्याने ती खाल्ली. ताट पुसून स्वच्छ केलं. मी माझ्या जागेवर हात मांडीखाली दाबून बसले होते. खरंच बसले होते, रुही साक्षीदार आहे. आणि आत्या, त्याने खिशातून चाव्या काढून टेबलाच्या पलीकडे प्रसन्नकडे सरकवल्या, म्हणाला की काका, या उद्या क्लबला परत देऊन टाकू. मग रिकामं ताट दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं आणि मराठीत म्हणाला, काकू, अजून एक.

तुझ्या आशीर्वादाने भरल्या घरातली,
दीपा