थ्री नॉट थ्रीची पुंगळी

बाबा, तुम्ही गेल्यावर आज जुना पत्र्याचा डबा आवरताना काडतुसाची ती रिकामी पुंगळी हातात आली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पितळ काळं पडलंय, एवढंच मनात आलं.

पोलिसांची चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, सौसरच्या वाटेवर, टेकडीखाली असायची. मी आठवीत होते, तुमचा डबा घेऊन यायचे. आई चिडायची, की बाप पोरीला बंदुका शिकवतो, चूल कोण शिकवणार? शस्त्रं तुमच्या ताब्यात असायची; शिपायांचा गोळीबार झाला की तुम्ही बंदुका पुसत बसायचात. या काडतुसाला थ्री नॉट थ्री का म्हणतात, असं मी विचारलं, तर तुम्ही मातीत रेघा ओढल्या. "इंचाचे हजार भाग कर. त्यातले तीनशे तीन, तेवढं नळीचं भोक. गोळी त्याहून जराशी जाड असते, म्हून घासत, फिरत जाते. नाव नळीचं हाय पोरी, गोळीचं नाही." विलायतेत हे काडतूस निघालं तेव्हा त्यात काळी बारूद असायची, मग शेवयांसारखी बारूद आली, नाव तेच राहिलं. गणिताच्या बाईंनी इतकं सोपं कधी सांगितलं नाही.

त्याच दिवशी मी एक पुंगळी उचलली. अजून गरम होती. तिचं तोंड पट्टीनं मोजायचं होतं, म्हणून कंपासपेटीत टाकली. जितकी काडतुसं तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत द्यायच्या, हा नियम मला पाठ होता. तरी टाकली.

पन्नासच्या एकोणपन्नास भरल्या. तुम्ही गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतात. "एक कुठं गेली असंन? तुहे डोळे चांगले हायत, तू पाह्य बरं." मी पाहिलं. उन्हं उतरेपर्यंत तुमच्या शेजारी गवत चाचपलं. दप्तर तिथेच झाडाखाली होतं. साहेब ओरडतील, तुम्ही मला माराल, या भीतीनं तोंड उघडलं नाही. तुम्ही तर मला कधी मारलंही नव्हतं.

साहेबांनी शस्त्रांचं काम काढून घेतलं. त्या वर्षी गोटमारीला, पोळ्यानंतरच्या दोन गावांच्या दगडफेकीला, तुम्ही नदीच्या सावरगावकडच्या काठावर बंदोबस्ताची काठी घेऊन उभे होतात, आणि रिटायर होईपर्यंत काठीच राहिली. आईला तुम्ही एवढंच म्हणालात, "काडतुसं वाटतानाच माह्या हातून मोजणी चुकली." पुढं घराचं कुलूपसुद्धा तीन-तीनदा ओढून पाहायचात. मी उंबऱ्यात उभी राहून बघायचे.

पट्टीवर इंचाचे हजार भाग नसतातच, बाबा. मला काहीच मोजता आलं नाही.

हा कागद बारीक सुरळी करून पुंगळीत सरकवतेय. तुमची मोजणी बरोबर होती.