उंबराचा उंबरठा

बाबा, काल अमरावतीला धाकट्या भावाच्या घराची चौकट बसली. हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यानं जमलेल्यांना तुमचंच भाषण ऐकवलं. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचं झाड आणि उदुंबर म्हणजेच दाराखालचं आडवं लाकूड. जुने लोक ते उंबराचंच करत, म्हणून उंबरठा. माणसं माना डोलवत होती. भावाचा उंबरठा सागवानी आहे. मी बाजूला जाऊन तांदूळ निवडत बसले.

अकोल्याला तुम्ही घर बांधलंत तेव्हा मी दहा वर्षांची होते. हा अर्थ तुम्हाला नुकताच कोशात सापडला होता आणि तो पोटात राहत नव्हता. परसात उंबर होता. आई दर गुरुवारी दत्ताचं नाव घेत त्याला प्रदक्षिणा घाली. तुम्ही तोच तोडायला काढलात. ती एवढंच म्हणाली, "अवो, देवाचं झाड हाये ते."

"देव आता दारातच येऊन राहिला. तुले फिरायचं काम नाई."

इतकं हलकं बोलणं मी पुढं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. सुतारानं करवत खाली ठेवली. "मास्तर, उंबर पाण्यात टिकते. इहिरीच्या तळाशी घालतेत त्याले. दारात उधई खाईन."

"तू शिकला किती?"

"तुमच्याइतका नाई. मंग दारात इहीर खणा, लाकूड हायेच."

तुम्ही त्याला हाकलून दुसरा सुतार आणलात. दोन पावसाळे गेले. शाळा तपासायला आलेले साहेब घरी चहाला आले. उंबरठ्यावर उभं राहू नये हे आम्हा पोरींना बजावणारे तुम्ही, त्याच्यावरच उभे राहून त्यांना अर्थ सांगू लागलात, आणि तुमची टाच घोट्यापर्यंत लाकडात गेली. आतून उधईची माती सांडली. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

चुकलं, एवढा एक शब्द तुमच्या कोशात नव्हता. साहेब गेल्यावर तुम्ही ठरवलंत की आई रोज उंबरठा धुते, म्हणून तो कुजला. नवा सागवानी आला आणि हुकूम निघाला की तिनं त्याला हात लावायचा नाही. रांगोळी, हळदकुंकू, सगळं माझ्याकडे आलं. स्वतःच्याच दारातून ती शेवटपर्यंत परक्या बाईसारखी लुगडं आवरून ये-जा करत राहिली. तुम्ही मात्र शाळेत दरवर्षी तोच अर्थ पोरांना सांगत राहिलात, उधई वगळून. मी मॅट्रिक झाले, रोज पोथी वाचते. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत हे मला कळतं. तरी तुमच्या विद्वत्तेची मला किळस येते.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि भावाला दाखवायचं नाही. तो विचारील, बाबांनी एवढं ठरवलं ते कुणाच्या सांगण्यावरून. साहेब गेले त्या दिवशी तुम्ही मला जवळ घेतलंत. "तू हुशार हायेस, खरं सांग. तुही माय रोज पाणी ओतते का नाई?" आई नुसतं ओलं फडकं पिळून फिरवायची. मी रोज पाहत होते. मी हो म्हटलं. आई तिथंच चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि जन्मभर मला त्याबद्दल काही विचारलं नाही.