जिन्यातली रेंज

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. तू पाठवलेलं रेंज वाढवायचं मशीन बसवून महिना होत आला. इलेक्ट्रिशियन गच्चीवर अँटेना लावून गेला, वायर खिडकीतून आत घेतली आणि डबा कपाटावर ठेवला. आता घरात कुठेही बसलं तरी फोनच्या दांड्या भरलेल्या असतात, अगदी न्हाणीघरातसुद्धा. तिथून मला कोणाशी बोलायचंय, देव जाणे.

आधीची तऱ्हा तुला ठाऊकच आहे. फोन स्टीलच्या वाटीत ठेवून पाहिला, खुर्चीवर उभी राहिले, तू सांगितलंस म्हणून खिडकीबाहेर अर्धी लोंबकळलेही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ऐकू यायचं ते फक्त आपल्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, आणि तेही इमारतीतल्या आम्हा सगळ्यांनाच. त्यामुळे संध्याकाळी तिथे आमची बैठकच भरायची. शेजारचे घड्याळजी मुलाशी असे ओरडून बोलायचे की फोन नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं. वरच्या नर्सबाई नवऱ्याशी इतक्या हळू भांडायच्या की आम्हाला कान टवकारावे लागायचे. मी आपली स्टुलावर विणकाम घेऊन. बोलणं चालू असताना काही ऐकलंच नाही असा चेहरा करायचा आणि फोन ठेवला की सगळं खोदून विचारायचं, असा तिथला शिरस्ता होता. तुझ्या बढतीची बातमी माझ्याआधी त्यांनाच कळली, कारण मला कमी ऐकू येतं आणि तू स्पीकरवर होतीस. तू तुझ्याकडे राहायला बोलावलंस तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, माझी इथे माणसं आहेत. ती हीच गं.

पण या डब्याची रेंज भिंतीपलीकडेही जाते, हे मला कुठे माहीत होतं? घड्याळजींना आरामखुर्चीत ऐकू यायला लागलं, नर्सबाईंना पलंगावर. दोघंही येऊन तोंडभर आभार मानून गेले. त्यानंतर जिन्यात कोणी फिरकलं नाही. मी दोन-तीनदा स्टूल घेऊन बसले. तिथला दिवा माणूस हलला नाही की विझतो. एकटीने हात हलवत बसायचं तरी किती वेळ? स्टूल आत आणलं.

मशीन बंद करून टाकावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण परवा घड्याळजींच्या बायकोला धाप लागली आणि घरातूनच फोन लागला म्हणून डॉक्टर वेळेवर आले. आता त्या बटणाला हात लावायची माझी छाती नाही. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर सगळे म्हणतात, लेक किती गुणाची. आहेसच.

तू रोज विचारतेस, आवाज नीट येतो ना. येतो, फारच नीट येतो. पूर्वी गळा दाटून आला की रेंज गेली म्हणून फोन ठेवता यायचा. आता ती सोय राहिली नाही, म्हणून 'सगळं छान' म्हणते आणि घाईने ठेवते. छान काही नाही, ठमे. संध्याकाळ सरता सरत नाही. मला फार एकटं वाटतं.

तुमची ती मागची खोली अजून रिकामी असेल, तर मी यावं म्हणते. जावईबापूंशी नीट बोल. नातीच्या अभ्यासाचं टेबल तिथे हलवलं असेल, तर ते माझ्यासाठी काढू नका. फोनवर विचारलं असतं तर तू मागचापुढचा विचार न करता 'ये' म्हणाली असतीस, तुझा स्वभाव मी ओळखते. आणि मग मी तो एवढासा 'ये' मनात घोळवत बसले असते, खरा होता की मला बरं वाटावं म्हणून होता. म्हणून हे पत्र. हवे तेवढे दिवस घे. 'ये' म्हणायचं असलं तर फोन कर, आणि नाही म्हणायचं असलं तर तूही पत्रच लिही.

तुझीच,
आई