पाचूतलं तेल

प्रिय केयूर,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतोस आणि मग माझं राहून जातं, म्हणून लिहितेय. इकडे मुलुंडला तसं ठीक आहे. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या घरी गेली. तुला टोरांटोहून येता आलं नाही, त्याचा कुणी राग धरलेला नाही. मी पुन्हा अंधेरीला रत्नांच्या लॅबमध्ये कामावर जायला लागले. दिवसभर भिंगातून खडे बघते, लोक विचारतात कशी आहेस, मी बरी म्हणते. खरं सांगू? मला काहीच वाटत नाही रे. बाबा गेले हे मला कळलंय, पण एखाद्या शेजाऱ्याबद्दल कळावं तसं.

आईचं मात्र ठीक नाही. ती गॅसजवळ जात नाही. दूधसुद्धा तापवत नाही. सुंदराबाई स्वयंपाक करून जातात तेव्हा ही हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसते. जेवते नावाला. कारण तुला ठाऊक आहे, बाबांच्या करंगळीतली अंगठी.

आठवतं ना, पहिल्या झटक्यानंतर बाबांची जीभ अडखळायला लागली तेव्हा घाटकोपरच्या ज्योतिषाने बुधाचा खडा सांगितला होता? मी हसले होते. तू मात्र तिकडून पैसे पाठवलेस आणि पाचू निवडायचं काम माझ्याच गळ्यात आलं. कच्च्या दुधात बुडवून, बुधवारी सकाळी, आईने अंगठी त्यांच्या बोटात घातली. पुढे बाबा नीट बोलायला लागले. रोज घरी येऊन त्यांच्याकडून शब्द घोकून घेणाऱ्या स्पीच थेरपिस्ट शीतलचं नाव कुणी घेतलं नाही, सगळं श्रेय खड्याला. बाबा तर येईल त्याला पाचूच्या गोष्टी ऐकवायचे. नागाने पाचूकडे पाहिलं तर त्याचे डोळे जातात म्हणे, मुघल बादशहा त्यावर अक्षरं कोरून घ्यायचे, जिभेखाली ठेवला तर पुढचं दिसतं. त्यांनी एकदा ठेवूनही पाहिला होता. भारताची मॅच होती, हरलो.

दुसऱ्या झटक्याला हॉस्पिटलमध्ये त्यांची बोटं सुजली, म्हणून नर्सने साबण लावून अंगठी काढून दिली. आईला ती पुन्हा बुधवारी घालायची होती. पण हॉस्पिटलातून आलेली वस्तू तशीच कशी घालायची? दसऱ्याला आपल्याकडे पाटल्या नि मंगळसूत्र रिठ्याच्या पाण्यात उकळतात, तशी तिने अंगठी उकळली. मी कामावर होते. घरी आले तर वाटीत खडा पांढुरका पडलेला, मधोमध आडवी चीर. आई त्या वाटीकडे नुसती बघत होती. अंगठी ज्या बुधवारी घालायची होती, त्याच बुधवारी पहाटे बाबा गेले.

मी तिला किती वेळा समजावलं. पाचूत जन्मापासून रेघा असतात गं. ज्यात एकही रेघ दिसत नाही, तो खडा आम्ही आधी काच म्हणून तपासतो. त्या रेघा झाकायला व्यापारी देवदाराचं तेल भरतात. हिऱ्याला उकळत्या पाण्याने काही होत नाही, पाचूतलं तेल निघून जातं आणि आधीचीच चीर दिसायला लागते. बाबांच्या मेंदूत रक्त साकळलं होतं, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेल गेलं म्हणजे त्यातला जीवच गेला ना गं?" मी उठून भांडी घासायला गेले. दुसरं काय करणार होते.

मग खडा कामावर नेला. आमच्याकडे जयंती म्हणून आहे, तिने तो स्वच्छ करून पुन्हा तेल भरून दिला. हिरवागार झाला रे, नवा असल्यासारखा. खिशात घालून घरी आणला, आणि दाखवला नाही. खडा बरा झाला आणि माणूस नाही, हे तिच्यासमोर कुठल्या तोंडाने ठेवू? माझ्या कपाटात रुमालात बांधून ठेवलाय. तिथेही त्याच्याकडे बघून मला काही वाटलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या पहाटे तुला फोन लावला तेव्हा स्पीकर चालू होता. मी रिठ्याचं सांगितलं आणि तू म्हणालास, "आई, तू बाबांचा खडा उकळलास? मग आता काय राहिलं." तू रडत होतास, तुला हे आठवतही नसेल. आईला शब्दन्शब्द आठवतो. मी भिंग लावून दहा वर्षं सांगत बसले तरी ते पुसलं जाणार नाही, कारण खडा तू दिला होतास आणि बोललासही तू. तिला फोन कर. व्हॉट्सॲपवर काही लांबलचक पाठवू नकोस, तेलाचं नि चिरेचंही सांगू नकोस, ते माझं सांगून झालंय. तुझ्यामुळे नाही गेले गं, एवढंच म्हण. ती काहीच बोलणार नाही. तरी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
गंधालीताई